दातेरी पायरीला नमस्कार

लातूरहून निघताना ठरवलं होतं, नाशिक म्हणजे घाट आणि मंदिरं. पण मुक्काम दिंडोरीला, थोरल्या नणंदेकडे, म्हणजे अक्कांकडे. अक्कांना लेकीच्या लग्नाचा शालू घ्यायचा होता. त्यामुळे माझं नाशिक मॉलपासून सुरू झालं. त्याआधी अर्थातच मिसळ, भाजलेल्या पापडासह, नाक गळेपर्यंत.

अक्का बागेत (इथं बाग म्हणजे द्राक्षांचीच) घडातले जादा मणी खुडून घड विरळ करतात. त्या कामावर घर चालतं. त्यांच्या तरबेज बोटांना एक सवय आहे : एसटी असो की ट्रॅक्टर, चढताना आणि उतरताना पायरीला हात लावून तो कपाळाला न्यायचा.

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी त्या वाकल्या. पायरी हाताखालून निघून गेली.

"ही तर थांबतच नाय गं!"

"अक्का, बाजूचा पट्टा धरा आणि पाय टाका. मागे लोक खोळंबलेत."

चढल्या आणि खूश झाल्या. "लय भारी! आपल्या माळ्याला बसवाय पायजे."

वर पोचताच त्या पुन्हा वाकल्या. पायऱ्या जिथं लोखंडी दातेरी पट्टीखाली शिरतात, नेमका तिथंच पदर लोळला आणि दातांत गेला. तो सोडवायला अक्कांनी बोटं पुढे केली.

"हात वर!" मी ओरडले आणि त्यांचं मनगट मागे खेचलं. समोरच्या दुकानातली हिजाब घातलेली मुलगी धावत आली. तिनं जिन्याच्या कडेचं लाल बटण दाबलं. जिना हिसका देऊन थांबला.

"मावशी, पदर जाऊ द्यायचा. बोटं घालायची नाहीत कधी," ती म्हणाली.

पदराचा काठ फाटून काळा झाला होता. बोटं शाबूत होती.

"पाया पडले त्याचं हे फळ?" अक्का चिडल्या.

"या पायरीला पाया पडणारा कळत नाही, अक्का. तिला फक्त गिळता येतं."

शालू झाला. उतरताना लिफ्टला रांग, म्हणून पुन्हा सरकता जिनाच, खाली जाणारा. मी नियम सांगितला : उजवा हात पट्ट्यावर, वाकायचं नाही, पायऱ्या सपाट व्हायला लागल्या की पाय उचलून पुढे. नमस्कार डाव्या हातानं, छातीशी.

"एका हाताचा पोचतो व्हय?"

"पोचतो. आणि दोन्ही हात घरी येतात."

दिंडोरीच्या एसटीत चढताना अक्कांनी आधी पायरी निरखली. "हिला दात नाय," म्हणाल्या आणि मनसोक्त वाकल्या.

लातूरला परतताना पुणे स्टेशनवर सरकता जिना लागला. उजवा हात पट्ट्यावर गेला, डावा आपोआप छातीशी. भक्तिभाव वगैरे काही नाही. पदर तिथंच धरावा लागतो.