एकास शंभर मापाचा कारखाना

बाळांनो,

तुम्ही दोघांनी मिळून रंगवलेल्या विमानाचा फोटो मिळाला. खाली तुम्ही लिहिलं होतं, "आजी, सगळं नीट केलं तरी खेळण्यासारखंच दिसतंय. आजोबांच्या कारखान्याचा पत्रा मग खरा कसा दिसतो?" मी ते आजोबांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "तूच लिही. रंग तू दिलायस." म्हणून लिहायला बसले. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगता आलं असतं, पण तुम्ही मोकळे होता तेव्हा आमची झोपायची वेळ झालेली असते, आणि ही हकीकत सलग सांगितली तरच कळेल. शिवाय हे काम करताना जे मी पाहिलं त्याचं नवल मला अजून वाटतं. ते नवल ताजं आहे तोवर कागदावर आलेलं बरं.

आमच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत जो कारखाना आहे, तो तुमचे आजोबा ज्या साखर कारखान्यात नोकरीला होते त्याचा आहे. ते तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि मी वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. कारखान्याला नवी शेड जोडायची, बॉयलर बदलायचा, पाइप हलवायचा, काहीही असलं तरी त्याचा नकाशा आधी आजोबांच्या टेबलावर उतरायचा. निवृत्त झाल्यावर आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये आलो. काही वर्षांनी बातमी आली की विस्तारासाठी जुनं मिल हाउस पाडणार. म्हणजे जिथे ऊस पिळतात ती मुख्य इमारत. आजोबा जाऊन पाहून आले. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड पुठ्ठा, सुताराचा पांढरा गोंद आणि कटर घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी ताब्यात घेतला.

माप त्यांनी ठरवलं एकास शंभर. म्हणजे खरा एक मीटर इथे एक सेंटिमीटर. या हिशेबाने कारखान्याची चिमणी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आली आणि उभा माणूस अंगठ्याच्या नखाएवढा झाला. मला वाटलं होतं, लहान करायचं म्हणजे सोपं करायचं. ते तसं नव्हतं. माप एकदा धरलं की घरातली प्रत्येक वस्तू काहीतरी वेगळीच दिसायला लागते, हे मला तेव्हा कळलं.

"अहो, माझी बारीक फणी कुठे गेली?"

"पत्रा करतोय."

"फणीनं?"

"मग कशानं करू? खऱ्या पत्र्याची पन्हळ तीन इंचाची. शंभरानं भाग. तुझ्या फणीचे दात बरोबर तेवढे आहेत."

मिठाईच्या खोक्यातला चंदेरी कागद फणीवर ठेवून ते शाई संपलेल्या पेनाने दाबत जायचे आणि कागदाला पन्हळ यायची. इंजेक्शनच्या सुया वाफेच्या नळ्या झाल्या. ड्रॉइंगचा कागद गोंद लावून निमुळता गुंडाळला की चिमणी. पायपुसणीच्या काथ्याचे धागे कापले की तो ऊस. पण मी थक्क झाले ते केन कॅरियर पाहून. ऊस वर चढवत नेणारा पोलादी पट्ट्यांचा तो सरकता रस्ता असतो. आजोबांनी आपल्या जुन्या घड्याळाचा साखळीचा पट्टा उतरवला आणि उतारावर आडवा टाकला. रुंदी बरोबर, पट्ट्या बरोबर, चमकसुद्धा बरोबर. तीस वर्षं ते घड्याळ मनगटावर होतं, आणि तीस वर्षं आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

असं काम चाललं असताना एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"अगं, ही पट्टी वाकलीय का बघ."

त्यांची पोलादी पट्टी मी डोळ्यांसमोर धरली. सरळ होती.

"मधे बघ. मधे पोट आलंय तिला."

"अहो, कुठे? सरळ आहे."

त्यांनी भिंतीचा कोपरा पाहिला, मग दाराची चौकट, मग पुन्हा पट्टी. जन्मभर सरळ रेघ ओढलेल्या माणसाला ती वाकडी दिसायला लागली होती. बराच वेळ ते एक डोळा झाकून आणि दुसरा उघडून बसले होते.

पलीकडच्या गल्लीतच डोळ्यांचा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. डोळ्याचा आतला पडदा मधोमध खराब होतोय, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबेलच असं नाही, म्हणाल्या. "मधली नजर जाईल, कडेची राहील. चालाल, फिराल. वाचन, बारीक काम अवघड होत जाईल."

"आणि रंग?" आजोबांनी विचारलं.

"रंगही मधल्याच नजरेचं काम, काका."

चालत घरी येताना ते मला म्हणाले, "मला हा कारखाना एकदा पुरा झालेला बघायचाय. पुढचं पुढे." त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात घाई शिरली.

घाईत रंग दिला. घाईत चिपाडाचा ढीगही केला. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो ते चिपाड, कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. तिथे त्याचे घराएवढे ढीग असतात. आजोबांच्या मनात आलं की खोट्या भुशापेक्षा खरंच बगॅस वापरावं. शाहूवाडीकडचे एक रसायनतज्ज्ञ कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, त्यांचे जुने मित्र. त्यांनी पिशवीभर आणून दिलं. ते धुतलं, गच्चीवर वाळवलं, माझ्या मिक्सरमधून बारीक केलं आणि गोंद लावून पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या अंगणभर पसरलं. काय सुंदर दिसत होतं! वासही तोच येत होता.

पावसाळी दमट दिवसांत एका सकाळी पाहते तर कारखान्यात पाळी बदलल्यासारखी वर्दळ. लाल मुंग्या. एक रांग चिपाडाच्या ढिगात शिरत होती, दुसरी मिल हाउसच्या दारातून बाहेर पडत होती. ढिगाला पांढरी बुरशी, पुठ्ठ्याच्या भिंती खालून फुगलेल्या, आणि घाईत अस्तर न देता रंगवलेल्या चंदेरी छपराचे पापुद्रे सुटलेले.

शाहूवाडीचे भावजी भेटायला आले ते नेमके त्याच दिवशी. टेबलापाशी वाकले आणि मोठ्याने हसले.

"आरं मर्दा, जन्मभर आमी लॅबमदी बगॅसची साखर मोजली. शिफ्टला दोनदा रिपोर्ट दिला, बगॅसमदी साखर ऱ्हाती म्हणून. तवा म्हणालास, मिल माझी चोख हाय, तुमच्या काट्यात खोट हाय. आता ह्या मुंग्यांनी रिपोर्ट दिलाय बघ!"

"आणलं कुणी ते?" आजोबा तडकले.

"आणलं मी. धुतलं कुणी?"

"गरम पाण्यानं धुतलं होतं."

"एका पाण्यानं न्हाय निघत ती. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की. काय वहिनी, व्हय का न्हाय?"

मी चहा ठेवायला गेले. बाहेर दोघे कितीतरी वेळ हसत होते. मग हसणं थांबलं, कारण आजोबांनी सुटलेला पापुद्रा उचलायला चिमटा पुढे केला आणि तो दोन बोटं बाजूला पडला. भावजींनी ते पाहिलं. ते हळूच म्हणाले, "ढिगाचं मी बघतो. रंगाचं कायतरी कर बाबा लवकर." लाकडाचा भुसा आणि हळदीचा चिमूटभर रंग, असा नवा ढीग त्यांनी आणून दिला. तो आजही आहे. मुंगी फिरकलेली नाही.

भिंती मी पुसल्या, उन्हात वाळवल्या. छप्पर खरवडलं. आता ब्रशचं टोक आजोबांना दिसत नव्हतं. ते म्हणाले, "तू धर."

मी आयुष्यात रांगोळीपलीकडे काही रंगवलं नव्हतं. पण ते शेजारी बसून सांगत आणि मी करत असे. आधी अस्तराचा हात. मग रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यायचे. सावलीसाठी तोच रंग काळपट करून अगदी कोऱ्या चहासारखा करायचा, तो आपोआप खाचांत जाऊन बसतो. उठावासाठी ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून नुसता कडांवरून फिरवायचा. हे फिरवताना आजोबांनी पुठ्ठ्यावर कोरलेल्या विटांच्या रेघा एकेक करून वर येतात. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मी हात मागे घेतला. पुठ्ठा आहे हे मला माहीत होतं, मीच तर पुसला होता.

आता तुमच्या विमानाबद्दल. मी भिंतीसाठी अगदी खऱ्या विटेचा रंग केला. कुंडीखालची वीट शेजारी ठेवून जुळवला. भिंतीवर दिला तर ती खेळण्यातली दिसायला लागली. मी आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात थोडा पांढरा घाल, थोडा राखाडी."

"पण वीट अशीच आहे."

"वीट तुझ्या हातात आहे म्हणून. कारखाना तू हातात धरून बघत होतीस का? शाळेच्या खिडकीतून बघायचीस. मधे केवढी हवा होती. ती हवा घाल त्यात."

मी घातली. आणि बाळांनो, ती भिंत माझ्यासमोरून लांब गेली. टेबलावरच होती, पण लांब गेली. वस्तू रंगवायची तर तिच्या आणि आपल्या मधलं अंतरही रंगवावं लागतं, हे मला या वयात कळलं. तुमच्या विमानाचा हिरवा रंग खराच आहे. म्हणूनच ते खोटं दिसतं.

गंजाची युक्ती मिठाची. आधी छपराला तपकिरी गंजाचा रंग द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मग जिथे गंज दाखवायचा तिथे पाण्याचा हात फिरवून जाडं मीठ भुरभुरायचं. ते चिकटलं की वरून पत्र्याचा राखाडी रंग. तो वाळल्यावर ओल्या ब्रशने मीठ झाडून टाकायचं आणि स्वच्छ पाण्याने पुसायचं. मिठाऐवजी साखर चालेल का, असं मी मुद्दाम विचारलं. आजोबा म्हणाले, "एकदा झालं तेवढं पुरे."

मीठ मी दुपारच्या उजेडात झाडलं. एकेक कण निघत गेला आणि त्याच्याखालून गंज उगवत गेला, वेडावाकडा, कडा कुरतडलेला, कुठे ठिपका, कुठे चट्टा. मी तो काढला नव्हता. कोणाच्याही हाताला तो तसा काढता आला नसता. वीस पावसाळ्यांचं काम माझ्यासमोर दहा मिनिटांत झालं होतं आणि मी ब्रश हातातच धरून छपराकडे बघत राहिले.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. "बिघडलं?"

"नाही," मी म्हणाले, "पण काहीतरी राहिलंय."

ते काय ते मला थोड्या वेळाने आठवलं. काजळी. हंगामात चिमणीतून जळक्या चिपाडाचे काळे कण वसाहतीवर पडायचे. आजोबा दिवसभर आत असत, त्यांना ती कधी दिसली नाही.

"काजळी कुठे होती एवढी?" ते म्हणाले.

"दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या साड्यांना विचारा."

"कुठल्या बाजूला जास्त?"

"घरांच्या बाजूला. वारा तिकडेच वाहायचा."

पेन्सिलीचं शिसं घासून केलेली पूड मी मऊ ब्रशने वसाहतीकडच्या छपरांवर सोडली. अगदी थोडी.

मग पेटी खिडकीपाशी नेली. आजोबांनी समोरून पाहिलं आणि मान हलवली. समोरून त्यांना नुसता धूसर डाग दिसत होता. मग त्यांनी चेहरा दाराकडे वळवला, जणू कोणी आलंय, आणि डोळ्याच्या कडेने कारखाना शोधत राहिले. मान थोडी इकडे, थोडी तिकडे.

"चिमणी," ते म्हणाले. "हां. छप्पर." मग मान आणखी थोडी वळवली. "अगं, वसाहतीकडचा पत्रा काळा केलास तू. आणि हे काय, गंजलाय की सगळा!"

"जास्त झाला का?"

"नाही. तेवढाच होता."

त्यांनी दुपारभर तसंच तिरकं बसून तो पाहिला. मी चहा दिला तो गार झाला. शाहूवाडीच्या भावजींना त्यांनी फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "झाला. बघितला मी."

आता कडेनेही रंग कळत नाहीत. खरं मिल हाउस पाडून झालं आहे, तिथे नवी शेड उभी आहे. आमच्याकडचं शाबूत आहे. पावसाळ्यात ओल शोषायला पेटीत चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी ठेवावी लागते. आजोबांनी अंगणात मांडलेल्या उसाच्या छोट्या गाड्यांपैकी दोनच उरल्या, बाकीच्यांची चाकं निघाली. छप्पर, चिमणी, केन कॅरियर, गंज आणि काजळी जशीच्या तशी आहेत.