मोतीरामनानांची भीती

मोतीरामनानांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून गौरवग्रंथ काढायचा ठरला आणि मंडळींनी मला सांगितले, "नानांच्या धैर्याबद्दल लिहा." मी म्हटले, धैर्याबद्दल दुसऱ्या कोणाला तरी लिहू द्या. इतकी वर्षे मी त्यांच्या हाताखाली औषधे बनवीत आहे. त्यांच्याइतका भित्रा माणूस मी नंदुरबारात पाहिलेला नाही, आणि माझ्या मते त्यांचा गौरव करायचा तर तो त्यासाठीच केला पाहिजे.

पहिली ओळख झाली ती मी नोकरी मागायला गेलो तेव्हाची. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर नानांचे औषधांचे दुकान आहे. मी दारात उभा होतो आणि नाना एका शेतकऱ्याची उलटतपासणी घेत होते. "कोनासाठे शे? पोऱ्यानं वय कितलं शे? हाई चिठ्ठी तुले डाक्टरनी कधय दिन्ही?" तो बिचारा घामाघूम. शेवटी बाहेर आले ते असे: चिठ्ठी त्याच्या वारलेल्या बापाची होती. बापाला तेव्हा गुण आला होता, म्हणून खोकणाऱ्या पोरासाठी तेच औषध न्यायला तो आला होता. आपल्याकडे ही चाल फार. गुणाची चिठ्ठी घराण्यात दागिन्यासारखी जपतात आणि ज्याला लागेल त्याला वापरतात. नाना त्याला रागे भरले नाहीत. दुकान माझ्यासारख्या अनोळखी माणसावर टाकून ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "अफूचा अर्क होता त्यात. पोर उठलंच नसतं." त्यांनी अफूच्या कपाटाचे कुलूप दोनदा ओढून पाहिले. मला वाटले, या माणसाने दुकान तरी कशाला काढले? किराणा विकावा.

नानांच्या कामाच्या रीती सांगायला बसलो तर ग्रंथ अपुरा पडेल. अक्षर लागले नाही तर अंदाज करायचा नाही. मात्रा जास्त वाटली तर गिऱ्हाइकासमोर चकार शब्द काढायचा नाही; "जरा बसा, औषध उकळायचं आहे" म्हणायचे आणि मागच्या दाराने माणूस डॉक्टरांकडे पिटाळायचा. डॉक्टरांचा शब्दही राहतो आणि रोगीही. आणि एक रीत तर आम्हा नोकरांच्या थट्टेचा विषय होती. बनवलेल्या प्रत्येक मिश्रणाचा घोटभर भाग नाना छोट्या शिशीत घालून खिडकीत ठेवीत आणि रोगी बरा झाल्याचे कळेपर्यंत टाकू देत नसत. खिडकीत शिश्यांची ही रांग! आम्ही म्हणायचो, नानांनी रोग्यांची पिलावळ पाळली आहे.

ती थट्टा एका सकाळी थांबली.

मिरचीचा बाजार भरात होता. त्या दिवसांत सारे गाव शिंकत असते आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत तापीपलीकडच्या एका गावचे पाटील सुनेसाठी औषध घेऊन गेले होते. सून बाळंतपणानंतर खचलेली, झोप नाही, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी शक्तीसाठी कुचल्याचा, म्हणजे थेंबाच्या मापात बळ देणाऱ्या एका जहरी बीचा, अर्क लिहिला होता आणि झोपेसाठी ब्रोमाइड. मिश्रण नानांनी स्वतः बनवले. दोन-तीन दिवसांनी सकाळी शिश्या पुसताना नाना एकाएकी खिडकीशी थबकले. त्यांनी पाटलांच्या सुनेच्या औषधाची शिशी उजेडात धरली. तिच्या तळाशी बारीक खडीसाखरेसारखे कण बसले होते.

"अरे देवा," नाना म्हणाले आणि खाली बसले.

मला आधी काही उमगेना. मग त्यांनी सांगितले. दोन्ही औषधे आपापल्या जागी बरोबर, मात्राही बरोबर. पण एकाच बाटलीत राहिली की कुचल्याचे विष वेगळे होऊन हळूहळू तळाला बसते. वरच्या घोटांत ते जवळजवळ नसते. शेवटच्या घोटात साऱ्या बाटलीचे विष. हे नानांना ठाऊक होते. त्या दिवशी गर्दीत ध्यानातून गेले. "बाटली आज संपेल," ते म्हणाले, "आणि तळ तर घरच्या बाया धुऊन पाजतील."

ते खरेच होते. आपल्या आयाबाया औषधाचा थेंब वाया जाऊ देत नाहीत. बाटली रिकामी झाली की तीत पाणी घालून खळखळवायची आणि ते रोग्याला द्यायचे, ही घरोघरची रीत. एरवी बाटली हलवा म्हटले तर हलवणार नाहीत, गाळ वर येतो म्हणून.

आम्ही छकडा जोडून निघालो. छकडा मी हाकत होतो. मी धीर द्यायला म्हटले, "वेळेवर पोचू." त्यांनी माझ्या हातातून कासरा घेतला आणि बैल पळवले. तापीवर आलो तर नाव पलीकडच्या काठाला आणि नावाडी निवांत भाकर खात बसलेला. हाका मारून माझा घसा बसला. तो हात हलवून "येस, येस" म्हणे, म्हणजे येतो येतो, आणि पुन्हा घास घेई. नाना धोतरासकट पाण्यात उतरले. पोहता येत नाही त्यांना! मी मागून धरून ठेवले. असा भयाचा वेळ माझ्या जन्मात दुसरा गेला नाही.

पाटलांच्या ओट्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. सून भिंतीला टेकून बसलेली, आणि सासूबाई तिच्यासमोर वाटी धरून उभ्या. शेजारी रिकामी बाटली.

"माय, थांब," नाना दारातूनच म्हणाले. "ते पाजू नको."

सासूबाई वळल्या. "काब्रं नको पाजू?"

"औषध बदलनं शे. ते मन्हाकडे दे."

"वा रे नाना! आजारी पोरना तोंडमाईन औषध काढी लेवाले उनात का? बाटलीना तळमा तं खरी ताकद ऱ्हास." आणि त्यांनी वाटी सुनेच्या ओठांकडे नेली.

ओट्यावर पाटील होते, शेजारपाजारचे गोळा झाले होते. त्या गावात आणि आसपासच्या गावांत औषध म्हटले की नानांचे नाव घेत. अजून एखादी सबब सांगता आली असती. माझ्या मनात दोन-तीन येऊनही गेल्या. नानांनी सबब शोधली नाही.

"माय, ती ताकद नही, जहर शे," ते म्हणाले. "चूक मन्ही शे. डाक्टरनी नही. मन्हा हातनी व्हयनी."

सासूबाईंच्या हातातली वाटी हेलकावली. नानांनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी घेतली आणि मला दिली. मी आत पाहिले. तळाशी तेच कण होते. ती वाटी मी आतल्या औषधासकट अंगणात खोल पुरली.

पाटील फार बोलले. बोलणारच, घरची लक्ष्मी जात होती. नानांनी मान खाली घालून सारे ऐकून घेतले. मग सुनेने भीत भीत विचारले, "नाना, मन्हा पोटमा काही गये व्हई का?" नाना तिच्यापुढे जमिनीवर बसले. "नही गये, बेटा. पन तुन्हं अंग आखडस का ते मी देखसु. तोपावत आठेच बससु." दिवस कलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. कुचला भिनला की अंग आखडते, म्हणून तिने हात वर केला तरी दचकत. तिच्या सासूने शेवटी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना सारे सांगितले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "चिठ्ठी माझी होती, चूक दोघांची," आणि तेव्हापासून कठीण चिठ्ठी ते दुकानात स्वतः घेऊन येतात. काही गिऱ्हाइके मात्र तुटली. जहर देणारा दुकानदार, असे लोक बोलले. नानांनी कधी खुलासा केला नाही. दुकानात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ही हकिगत ते स्वतः सांगतात, नावानिशी, आपल्या नावानिशी. आज त्यांना हा लेख वाचून दाखवला तेव्हा मला वाटले होते की ते प्रसंग काढायला सांगतील. त्यांनी एवढेच म्हटले, "मी बाजाराच्या गर्दीचं निमित्त सांगितलं होतं ना? ते लिहू नको." मी लिहिले आहे. त्यांनी मला क्षमा करावी.

नानांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे डोळे शाबूत राहोत, गुडघे शाबूत राहोत, थंडीतला खोकला त्यांच्या वाऱ्यालाही उभा न राहो. हे मागणे निव्वळ भक्तीचे नाही, त्यात माझा स्वार्थ आहे. कारण नाना आजारी पडले तर चिठ्ठी आमच्याच दुकानात येईल, आणि त्यांचे औषध मला बनवावे लागेल. त्यांनीच मला भ्यायला शिकवले आहे; माझी तेवढी छाती नाही.