करावेची फाईल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बारा वर्षं ज्याच्यासोबत एका टेबलावर डबा खाल्ला त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी बेलापूरला एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. वय एकावन्न. कमी बोलतो. ऑफिसात म्हणतात, सर चुकत नाहीत. ते मी कधी खोडून काढलं नाही — बहुतेक इथूनच सुरुवात होते.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नव्या मासळीबाजाराचं काम आलं. खाडीकाठच्या गावांतल्या मासळी विकणाऱ्या बायकांची यादी करायची होती. यादीत नाव असेल तिला बाजारात ओटा; नसेल तिने पूर्वीसारखंच रस्त्याकडेला उन्हात बसायचं. त्यांपैकी करावे गावातल्या जुन्या बाजारातल्या बायकांची नावं आमच्याकडे आधीच होती. राहिल्या होत्या खाडीच्या बांधावर बसणाऱ्या तेवीस जणी. त्यांची माहिती वनिताने घरोघर जाऊन भरली. वनिता तिथलीच, बी.कॉम. झालेली. तिची आई जुन्या बाजारात बसायची, मावशी बांधावर.

माहिती यायची जेसन फाईलींमधून. जेसन म्हणजे — लेबल लावलेले डबे समजा. त्या लेबलला आम्ही 'की' म्हणतो. एका गावाने लेबल लावलं 'नाव', दुसऱ्याने 'विक्रेतीचे नाव', तिसऱ्याने आणखी काही. मी एक जेनेरिक साचा लिहिला: कुठल्याही गावाची फाईल टाका, तो सगळं एकाच पद्धतीत बसवेल. मीटिंगमध्ये तसं छातीठोकपणे सांगितलंही. आणि एखादी नोंद साच्यात बसलीच नाही तर? तर साचा ती गुपचूप सोडून द्यायचा. काम अडू नये म्हणून ती ओळ मीच घातली होती. काय सोडलं ते निदान लिहून ठेव, असं मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

वनिताने 'नाव' असं लेबल लावलंच नव्हतं. तिने प्रत्येक डब्यावर त्या त्या बाईचंच नाव लिहिलं होतं — मंदा, हिरा, जनाबाई — आणि आत वय, घर, किती वर्षं विकते ते. बांधावर मासळीची पाटी जिची तिच्या नावानेच ओळखतात, तसं. यात चूक कुठे होती? लेबल कसं लावायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा साचा डबे उघडून आत नाव शोधत राहिला. नाव झाकणावर होतं.

यादी लागली. तेवीसपैकी एकही नाव नाही. हरकतीला पंधरा दिवस होते. तिसऱ्या दिवशी वनिता फाईलची प्रिंट घेऊन ऑफिसात आली. बसली नाही. म्हणाली, "सर, सगल्या हायेत यात. तुमी एकदा बगा ना."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणालो, "ताई, मशीन खोटं बोलत नाही. तुमचंच भरताना काहीतरी राहिलं असेल."

ती गेली आणि मी फाईल उघडली. दहा मिनिटं — जास्त नाही. सगळं कळलं. दुरुस्ती पाच ओळींची होती. त्या मी लिहिल्या. पुढच्या गावांच्या फाईली त्यातून नीट गेल्या. करावेसाठी फक्त एक पत्र लागलं असतं: चूक आमच्या प्रोग्रामची आहे. साहेबांनी विचारलं, करावेचं काय झालं? मी म्हणालो, फाईल नीट भरलेली नव्हती.

पंधरा दिवस मी रोज मोजले. रोज वाटायचं, उद्या सांगू. कशाची भीती होती? नोकरी गेली नसती. थोडं हसले असते, एवढंच.

वनिताला पुन्हा काम दिलं नाही. गावात तिचं काय झालं ते मला आमच्या ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं, तोही करावेचाच. बायका तिला तोंडावर म्हणायच्या, "आईला वटा, आमाला ऊन." मावशीने बोलणं टाकलं. शिपाई हे सांगत होता तेव्हा मी चहा पीत होतो. मी 'अरेरे' म्हणालो. खरंच म्हणालो.

गेल्या थंडीत सीवूड्सला एका कामासाठी गेलो होतो. रस्त्याकडेला एका छत्रीखाली वनिता बसलेली, पुढे कोळंबीचे वाटे. शेजारी एक म्हातारी. मी वळणार, तेवढ्यात तिने हाक मारली. मावशीची ओळख करून दिली — आता बोलतात म्हणे. मग मावशीकडे बघत हसून मला म्हणाली, "सर, तेवा मी तुमाला उगाच तरास दिला. माजंच कायतरी चुकलं आसंल."

तिने एक वाटा पिशवीत भरला, वर मूठभर जास्त टाकली, पैसे घेईना. मी पिशवी घेतली. खांदेश्वरला घरी आणली. बायकोने रस्सा केला, मी दोनदा वाढून घेतला.

फाईल बरोबर होती. ते मला त्याच दुपारी कळलं होतं.