हालदारदांच्या भट्टीतले दात

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे भाषाही साधीच आहे. पण आमच्या कलकत्त्याच्या दातांच्या कारखान्यात किस्से इतके साठतात, की त्यापेक्षा प्लास्टरची धूळ परवडली. ती निदान झाडता तरी येते.

आमचे मुख्य कारागीर हालदारदा. पोर्सिलेनची पूड भिजवून, ब्रशने थरावर थर देऊन ते दाताची कॅप घडवत आणि भट्टीत भाजत. मी प्लास्टरच्या टेबलावर साचे ओतायचो, पण जीव सगळा भट्टीच्या कामात. हालदारदा म्हणायचे, "जोशी, हात तुझा चांगला आहे. पण रंग जुळवायचा तर माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं. तू त्याच्या चपलांकडे बघतोस."

*

पोर्सिलेन भाजताना आकसतं, म्हणून कच्ची कॅप मोठी घडवतात. एका वकीलसाहेबांनी आपली कच्ची कॅप पाहिली आणि ते उठूनच उभे राहिले. "हा काय घोड्याचा दात?"

हालदारदा म्हणाले, "बसा. भट्टीत गेला की लहान होतो. आमचा जोशी बायकांसमोर होतो, तसा."

*

एका बाईंना चहाच्या कपासारखा पांढराशुभ्र दात हवा होता. हालदारदांनी खूप समजावलं, शेवटी दिला करून. आठवड्याने बाई आल्या. "दात सुरेख झालाय. आता बाकीचे याला जुळवून द्या."

*

एक जमीनदारबाबू अखंड पान खायचे. हालदारदांनी दोन दिवस खपून त्यांच्या कॅपमध्ये बाकीच्या दातांवर होता तसाच तांबूस डाग भाजून दिला. वर्षाने बाबू काशी करून आले. पान सोडलेलं, दात स्वच्छ करून घेतलेले. म्हणाले, "सगळे सुधारले. तुमचाच एकटा अजून पान खातो."

*

मग बराकपूरहून एक मराठी काकू मुलीला घेऊन आल्या. मुलगी कुसुम. पडल्यामुळे तिचा पुढचा डावा दात अर्धा तुटला होता आणि पंधरा दिवसांनी तिला बघायला मंडळी येणार होती. हालदारदा मला म्हणाले, "तुझ्या भाषेतली माणसं आहेत. ही कॅप तू कर. जुळली तर भट्टीशेजारी बस. नाही जुळली तर प्लास्टर आहेच."

खिडकीच्या उजेडात कुसुम आ करून बसली. मी नमुन्याच्या दातांची पट्टी हातात घेऊन फरशी बघत राहिलो.

"अहो, दात वर आहेत," ती म्हणाली.

वर पाहिलं, तर तोवर दात सुकले होते. सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. तिला पाणी प्यायला दिलं आणि पुन्हा पाहिलं. या वेळी नीट, बराच वेळ. काकू खोकल्या, तरी पाहिलं.

कॅप बसवली. मंडळी येऊन जाईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

एका दुपारी मायलेकी पेढे घेऊन आल्या. काकू म्हणाल्या, "ठरलं हो. पण मुलाच्या आत्याबाई फार चौकस. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलगी छान आहे, फक्त पुढचा एक दात खोटा वाटतो."

हालदारदांनी विचारलं, "कुठला?"

कुसुमने हसून बोट ठेवलं. उजव्या दातावर.

हालदारदांनी पेढा तोंडात टाकला आणि ते कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता माझं स्टूल उचललं आणि भट्टीशेजारी नेऊन ठेवलं.