पानाएवढी जागा

माझ्या मुलीचं गुपित मी फोडलं. तिच्या भल्यासाठी फोडलं, असं नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

ती तेरा वर्षांची. लहानपणापासून बोलताना अडखळते. पण शब्द अडणार असं वाटलं की झटकन दुसरा शोधते, त्यामुळे शाळेत कुणालाच पत्ता नव्हता. हे फक्त मला आणि तिच्या आईला ठाऊक होतं, आणि बाहेर सांगायचं नाही असं तिने आम्हाला बजावलं होतं.

शाळेत एका दंतकथेवर बोलायचं होतं. तिने उत्तरेकडच्या थंड देशांतला, ड्रॅगनला मारणारा वीर निवडला. इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आठवडाभर तयारी चालली. अडायची ती नेमकी वीराच्या नावाशी. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार?

मला राहवेना. ऑफिसातून तिच्या क्लास टीचरना फोन लावला. "मॅडम, थोडा ध्यान रखिए." माझे वडीलही माझ्या प्रत्येक मास्तरांना "जरा लक्ष असू द्या" म्हणून येत. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही, सगळं सांगून टाकलं.

मॅडम भल्या बाई. त्यांनी वर्गाला आधीच सांगितलं, हिला बोलायला त्रास होतो, कुणी हसू नका.

भाषणाच्या दिवशी संध्याकाळी तिला घ्यायला गेलो. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

"कसं झालं गं?"

"फाइन."

"अडलीस का?"

"दे वेअर ऑल वेटिंग फॉर इट. यू टोल्ड हर, बाबा."

मग तिने वर्गात अर्धवट राहिलेली गोष्ट मला पुरी सांगितली. ड्रॅगनच्या रक्तात न्हाल्यावर त्या वीराला शस्त्र लागेना. फक्त खांद्यांच्या मधे एक पान चिकटलं होतं, तेवढी जागा कोरडी राहिली. बायकोला ते माहीत होतं. लढाईत तिथे जपा म्हणून तिने एका सरदाराला सांगितलं, नवऱ्याच्या कपड्यावर खूणसुद्धा शिवली. त्या सरदारानेच तिथे भाला मारला.

"शी वॉज ओन्ली ट्राइंग टु हेल्प," ती म्हणाली.

मला काहीच वाटलं नाही. सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. घरी आमटी-भात जेवलो.

त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. उत्तर येत असलं तरी मान हलवून "नाही" म्हणायची. घरीही विचारल्यापुरतंच बोले.

"तिची माफी मागा," बायको म्हणाली.

"बापाने मुलीची माफी मागायची?"

"फोन कुणी केला होता?"

तरी मी दोन महिने काढले. रोज ऑफिसला जायचो, यायचो, मधलं फारसं आठवत नाही. एका शनिवारी सकाळी ती टेबलाशी दूध पीत होती. मी समोर बसलो. वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"तू सांगू नको म्हणाली होतीस, तरी मी सांगितलं. तुला विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."