क्रीम चीजचा डबा

काकांविषयी लिहिण्याची माझी लायकी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल ऑफिसात काकांच्या हाताखाली फाइली लावायचो, एवढीच आमची ओळख.

काका मूळचे नागपूरचे. खेळाडू कॉलेजात असेपर्यंत त्यांना फुकट काय द्यायचं आणि काय नाही, याचे नियम पाळले जातात की नाही ते बघणं त्यांचं काम. रोज सकाळी खेळाडूंसाठी बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, मांडले, की क्रीम चीजचा डबा ते कपाटात कुलूपबंद करत.

"कोरडा बेगल म्हणजे खाऊ. चीज लावलं की झालं जेवण, अन् तसं जेवण द्यायला बंदी आहे. समजलं का बाबू?"

एका जुलैत, गुडघा दुखावलेल्या एका खेळाडूची पुढच्या वर्षाची स्कॉलरशिप कॅन्सल झाली. तो सामान बांधत होता. काकांनी त्याला बोलावून नियमांतलं एक पान दाखवलं. त्याला सुनावणी मागता येत होती, पण अर्जाचा तो शेवटचा दिवस होता आणि ते ऑफिस कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला.

"काका, तुमच्या गाडीनं सोडा ना त्याला," मी म्हणालो.

"अन् उद्या कोणी म्हटलं, फुकट लिफ्ट दिली, तर?"

भर उन्हात ते त्याच्यासोबत चालत गेले, त्याच्या लंगडत्या चालीनं.

सुनावणीच्या निकालाआधीच मी दुसऱ्या कॉलेजात गेलो. परवा त्या खेळाडूची ईमेल आली. स्कॉलरशिप परत मिळाली होती, आता पदवीही मिळाली. समारंभानंतर काकांनी त्याला गाडीत बसवलं आणि बेगल दिला. क्रीम चीजचा अख्खा डबा त्याच्या मांडीवर ठेवून.