भुरीला कोणाची नजर लागली नव्हती

आमची मांजर भुरी विष चाटून मेली. आमच्याच अंगणातलं.

सरळ लिहून राहिली, कारण परवापासून घरात जे ऐकून राहिली त्याची आता किळस आली.

"कोणाची तरी नजर लागली असन."

"घरावरचं संकट घेऊन गेली बिचारी. जामसांवलीच्या मारुतीले जाऊन नारळ फोडून ये."

ही माझी काकू. चहात टोस्ट बुडवत.

झालं ते एवढंच. काका कपाशीवर फवारणी करून शेतातून आले. पंप नेहमीसारखा अंगणातल्या नळावर धुतला. ते पांढुरकं पाणी फरशीभर पसरलं. भुरी त्यातूनच चालत आली, माझ्या मांडीवर बसली आणि पाय चाटायला लागली.

मांजरच ते. पायाला काहीही लागो, चाटूनच काढणार. आमच्या घरात तिच्याएवढं स्वच्छ कोणी नव्हतं.

आणि मी लाडानं म्हणून राहिली होती, "झाला का गं मेकअप?"

थोड्या वेळात तोंडाला फेस. अंग थरथर.

ऑटोत टाकून पांढुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "घरी फवारणीचं औषध आहे का?"

मी हो म्हणेपर्यंत संपलं होतं सगळं.

घरी येऊन काकांना सांगितलं.

"मी का तिच्या तोंडात ओतलं का? मांजरच तर होती वं. दुसरी आणू."

शी!

काल पुन्हा पंप त्याच नळावर. त्याच ओल्या फरशीवर काकांची नात रांगून राहिली होती. ओला हात तोंडाकडे चाललेला.

धावत जाऊन उचललं तिला. साबण लावून हात धुतले. मग काकांवर जी ओरडली, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"हिलाही नजरच लागली असती का, काका?"

काकूचा चेहरा उतरला.

आज सकाळी पंप शेतातल्या गुरांच्या कोठ्यात गेला. आता तिकडेच धुणार म्हणे.

चांगलं झालं. नातीसाठी गेला. भुरीसाठी कोणी जागचं हललं नव्हतं.

भुरे, तू कोणाचं संकट-बिंकट घेऊन गेली नाहीस. तुला आमच्या आळसानं मारलं. माझ्या वॉलवर तरी हे खरं राहू दे.

श्रद्धांजली फक्त माझ्याकडून. घरातल्या बाकीच्यांची तुला नको.